कौल लावून निवडलेली कॅसेट

परवा लेकीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, जपानी रोल-प्लेइंग गेम पहिल्यांदाच खेळणाऱ्याने कुठल्यापासून सुरुवात करावी, असं सगळीकडे वाचतेय आणि डोकं फिरायची पाळी आलीय. कोण म्हणतं सोपा घे, कोण म्हणतं जुना घे. तुम्हांला काय वाटतं?" विचारलं तिने थट्टेनेच. बाप जांभई देईल आणि आंब्याच्या मोहोराबद्दल बोलायला लागेल, अशी तिची खात्री होती. मी मात्र जांभई दिली नाही. कारण या विषयात सबंध रत्नागिरी जिल्ह्यात माझ्याइतका जुना आणि माझ्याइतका गाढव अनुभवी माणूस सापडायचा नाही. माझा पहिला जपानी गेम मी अठ्ठ्याऐंशी साली देवळात कौल लावून निवडला होता. आणि देवाने सांगितलेला सोडून दुसराच घरी लावला होता.

फोन आला तेव्हा मी रत्नागिरीजवळच्या नाचणे गावी, आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर होतो. घराचं छप्पर काढून स्लॅब घालायचाय, म्हणून माळा रिकामा करायला अक्काने बोलावलं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुलू. फुटका रोवळा, आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या, आणि त्यांच्या मागे तो बसला होता. चौदा इंची जपानी टीव्ही, पोटात उंदरांनी केलेलं घरटं. मी फुंकर मारली. धूळ उडाली आणि तो वास आला. तापलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या वॉर्निशचा, त्यात अढीतल्या पेंढ्यावर पिकणाऱ्या हापूसचा. छत्तीस-सदतीस वर्षांनी असला वास शिल्लक राहील कसा? राहत नाही. मलाच आला असणार.

खालून अक्काने विचारलं, "काय रे, पडलास की काय?"

"नाय, टीव्ही मिळाला."

खालचा केरसुणीचा आवाज थांबला.

अठ्ठ्याऐंशी साली फाल्गुनात भावोजी, म्हणजे अक्काचे यजमान, जहाजावरून कायमचे परतले. ते मूळ जयगडचे. बारा वर्षं जपान लाइनवर, शेवटची चार वर्षं सारंग. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. कामाला लावायचं त्याने, आणि सकाळ-संध्याकाळ माणसं मोजून घ्यायची तीही त्यानेच. त्या शेवटच्या फेरीत एक माणूस कमी भरला. सदा नावाचा, देवरूखच्या वरच्या अंगाला गाव असलेला पोरगेला खलाशी. खवळलेल्या पाण्यात गेला. कसा गेला, ते आम्हांला कुणीच सांगितलं नाही, कारण सांगू शकणारा एकच माणूस होता आणि त्याने बोलणंच बंद केलं होतं.

जयगडच्या घरातून खाडीचं तोंड दिसतं, ये-जा करणारी जहाजं दिसतात. म्हणून अक्का त्यांना आमच्याकडे, नाचण्याला घेऊन आली. इथून समुद्र दिसत नाही. वाऱ्याची दिशा बरोबर असेल तर ऐकू येतो, पण वाऱ्याला काही आपण दार लावू शकत नाही. भावोजी पडवीत आरामखुर्चीत बसत. दिलं ते खात. एरवी जेवताना अख्ख्या पंक्तीला हसवणारा माणूस. मला ते 'मिस्टर बावळट' म्हणत, जपानीतही त्याला काहीतरी शब्द होता. आता माझ्याकडे बघत आणि माझ्यातून पलीकडच्या फणसाकडे बघत.

आणि दर महिन्याला देवरूखकडचं कार्ड यायचं. सदाच्या आईचं, कुठल्यातरी मास्तराच्या वळणदार अक्षरात. 'कंपनीची तार मिळाली. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मुलगा तुमच्या हाताखाली होता. एकदा येऊन तोंडाने सांगून जा.' अक्का कार्ड त्यांना वाचून दाखवी. ते मान फिरवत. तिसऱ्या कार्डात होतं, 'डोळ्यांनी आता दिसेनासं झालंय. ऐकू येतंय तोवर या.' ते वाचून अक्का चुलीपाशी येऊन बसली. आई आमसुलं वाळत घालायला निघाली होती, ती सूप तसंच हातात घेऊन उभी राहिली.

"ती म्हातारी गेली ना गो आई," अक्का म्हणाली, "तर हे परत कधी बोलायचे नाहीत."

आता असल्या प्रसंगी शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि कॉलेजात एका विषयात अडकलो होतो, म्हणजे शहाणपणाशी माझा संबंध तसा पत्रव्यवहारापुरताच. मी म्हटलं, "त्यांची ट्रंक उघडूया."

ट्रंकेत माझ्यासाठीच आणलेला माल होता. मागल्या सुट्टीतच त्यांनी कबूल केला होता. छोटा टीव्ही, पांढरं-तांबडं खेळाचं यंत्र, आणि तीन कॅसेटी. टीव्ही मी बाहेर काढला आणि भिंतीतल्या पॉइंटला सरळ लावला. जपानातली वीज आपल्या निम्म्याहून कमी जोराची असते, ही माहिती मला त्याच क्षणी, फट् असा आवाज करून, मिळाली. घराचा फ्यूज उडाला, शेजारच्यांचाही उडाला. टीव्ही रेडिओवाल्याकडे नेला. त्याने पोट उघडून आतला फ्यूज बदलला आणि एक ट्रान्सफॉर्मर बांधून दिला. वजन एवढं की बरणीत लोणचं दाबायला चाललं असतं. वर बजावलं, "कॅसेटी सारख्या काढ-घाल करू नको. आतल्या पिना नाजूक आहेत. एक लाव आणि तीच ठेव." एवढं करून त्या टीव्हीवर दूरदर्शन काही लागेना. त्याची जातच वेगळी. आईने पडद्यावरच्या मुंग्या बघितल्या आणि म्हणाली, "असला कसला तुझा टीव्ही? बातम्यासुद्धा नायत!"

तर तिन्हीतली एकच निवडायची होती. अक्काचंही तेच म्हणणं. "एकच काय ती काढ. त्यांच्या डोक्यावर तीन-तीन गोष्टींचा मारा नको."

पहिलीच्या खोक्यावर तलवार उगारलेला पोरगा आणि त्याच्यामागे तीन सोबती, वर आकाशात पसरलेला सापासारखा प्राणी. दुसरीवर किल्ला आणि एक उदास मुलगी. तिसरीला खोकंच नाही. राखाडी प्लास्टिक, पाठीवर पेनाने कुणा जपानी पोराने लिहिलेलं स्वतःचं नाव. जुन्या बाजारातली असणार. तिन्ही गोष्टीचे खेळ होते, म्हणजे नुसतं पळायचं-मारायचं नाही, माणसांशी बोलायचं, गावोगाव हिंडायचं. आणि तिन्हींत जपानी अक्षरांशिवाय पान हलत नव्हतं. मला कुठली सोपी, कुठली अवघड, काय कळणार? आज लेक चार-चार दिवस यादी वाचते. मला यादी नव्हती. मला आई होती.

"कौल लाव," आई म्हणाली.

आमच्याकडे विहीर कुठे खणायची हे कौलावर ठरलं, माझं अपेंडिक्स काढायचं की नाही हे कौलावर ठरलं. देवाला काय विचारू नये याची यादी आमच्या घरात कुणी कधी केलीच नव्हती. आईचे गुडघे धरलेले, म्हणून नारळ आणि तिन्ही कॅसेटी पिशवीत घालून मी एकटाच निघालो. दर कॅसेटीचा एकेक कौल. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवलेल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

गुरवकाकांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "ह्या काय रे? साबणाच्या डब्या?"

"जपानातले खेळ आहेत, काका."

"आनि देवान् काय करायचान्? खेळायचान्?"

मी सगळं सांगितलं. सदाचं, कार्डांचं, सगळं. काका बराच वेळ पंच्याला हात पुसत राहिले. मग ओट्यावर पत्ते कुटत बसलेल्या दोघांना त्यांनी हाक मारली, कारण गाऱ्हाण्याला साथ लागते, आणि देवापुढे उभे राहून खणखणीत आवाजात सुरू झाले, "बा देवा म्हाराजा! आज ह्यो लेकरू तुज्या पायाशी आलाय!"

"व्हय म्हाराजा!" मागून दोघं.

"त्येच्या घरचा जावई दर्यावरना आला, पन त्येची वाचा दर्यावरच ऱ्हायली!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ह्या जपानातल्या तीन डब्यांतली, जी लावल्यान् त्येची वाचा त्येच्या घरी येयल, ती दाकव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यातल्या एकाच्या हातात अजून बदामची राणी होती.

मला हसू येत होतं. आणि मग अचानक येईना. गाभाऱ्यात तेलाचा, ओल्या दगडाचा, तगरीच्या फुलांचा वास. तीन माणसं मोठ्याने आमच्या घरातली गोष्ट देवाला सांगत होती आणि ती पहिल्यांदाच मला खरी वाटली.

तलवारवाली. डावी कळी पडली. किल्लावाली. डावी. राखाडी. उजवी, आणि अशी टपकन की काका म्हणाले, "बग, वाटच बगत होता."

परतीच्या वाटेवर मी विचार केला. देवाने निवडली ती सगळ्यांत कळकट. आणि या देवाला जपानमधलं काय कळतं? घरी आल्यावर आईने विचारलं, "कुठली?" आणि मी, डोळ्याला डोळा भिडवून, तलवारवाली पुढे केली. आईने तिला हळद-कुंकू लावलं. उरलेल्या दोन ट्रंकेत गेल्या. कौल झाला म्हणजे त्यांना आता हात लावायचा नाही.

वैशाखातल्या त्या दुपारी! माजघरात अढी घातलेली, परसात आंब्याची साठं वाळत घातलेली, त्यांच्यावर माश्या, आणि पडवीत ट्रान्सफॉर्मरची घुंई. पडद्यावर एक अंगठ्याएवढा पोरगा. राजा त्याला काहीतरी सांगतो, जपानीत. शिपाई काहीतरी सांगतो, जपानीत. आणि मी त्या पोराला घेऊन एका बंद दाराला धडका देतो. पहिला दिवस धडका. दुसरा दिवस धडका. एका चौकटीत अक्षरांच्या ओळी येत. मी कुठलीही दाबी. पोरगा कधी जमिनीकडे बघे, कधी स्वतःचे कपडे उतरवून ठेवी. भावोजी मागे खुर्चीत. बघतायत की नाही, कळायचं नाही. अक्का दर थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे बघे. मी मान हलवली की आत जाई. असं दिवसातून वीसदा. तिचं ते दारात येणं माझ्याच्याने बघवेना.

तिसऱ्या दिवशी मी चव्वेचाळिसाव्यांदा दाराला धडकलो आणि मागून आवाज आला.

"पेटीत चावी आहे."

गंजलेली कडी निघावी तसा आवाज. आत अक्काच्या हातातलं लाटणं पडलं, ती पिठाच्या हातांनी धावत आली. "काय म्हणालात? अहो, काय म्हणालात?"

ते पडद्याकडे बघत होते. अक्काकडे नाही.

बारा वर्षांत बंदरांवर हिंडून त्यांना जपानी अक्षरं वाचता येत होती. आणि चांगला सारंग सगळं सोसेल, पण डोळ्यांसमोर चाललेलं गबाळं काम सोसणार नाही. माझ्या बावळटपणाने तीन महिन्यांनी त्यांचं तोंड उघडलं, यात माझं कर्तृत्व एवढंच. आईने देवाला नारळ दिला. मी तो फोडला, खोबरं वाटलं. घाईच झाली म्हणायची.

कारण त्यापुढे ते बोलले ते फक्त खेळातलं. 'डावीकडे.' 'औषध घे.' 'हा म्हणतोय, गुहेत जाऊ नको.' चहा हवा का, विचारलं तर गप्प. देवरूखचं कार्ड वाचलं तर मान फिरलेली. एक दिवस अक्काने माझ्या हातातलं बटणांचं खोकं काढून घेतलं आणि पदर खोचून टीव्हीसमोर बसली.

"तुला कुठे येतंय?" मी म्हटलं.

"तुला तरी कुठे येतंय? सरक तिकडे."

मग ते तिला सांगू लागले. 'पुढे.' 'थांब.' 'आता मार.' लग्नाला सहा वर्षं झालेली माझी बहीण नवऱ्याच्या तोंडचं 'डावीकडे' ऐकायला तासन्‌तास त्या पडद्यातून चालत राहायची. कधी मुद्दाम उजवीकडे जायची. मग ते पुन्हा सांगायचे, "डावीकडे गं." त्या एका 'गं'साठी ती किती वेळा चुकली, याची मोजदाद नाही. पोराला वाटेत एकेक सोबती मिळत गेला. चौघं झाले. बदकांसारखे एकामागून एक ओळीने चालत.

दिवस जात होते. आषाढात कार्ड आलं नाही. ते न येणं सगळ्यांत वाईट होतं. मला रोज वाटे, माझ्या खोट्यामुळे होतंय हे. राखाडी लावली असती तर ते कधीच सगळं बोलले असते. शेवटी चिखल तुडवत देवळात गेलो आणि गुरवकाकांना सांगून टाकलं. म्हटलं, आता गुपचूप कॅसेट बदलतो.

काका निवांत सुपारी कातरत होते. "देवान् सांगितलान्. तू आयकलास नाय. आता देव काय तुज्या घरी येऊन बटना दाबील काय?"

"मग काय करू?"

"एक दार निम्मं उगडलंस ना? मग त्यातनच जा. आता दुसरं उगडायला गेलास तर तो मानूस मधीच ऱ्हायल." आणि मी उतरायला लागल्यावर मागून, "नि आयशीला सांगू नको. ती मला सोडायची नाय."

नागपंचमीला पातोळे झाले. घरभर हळदीच्या पानांचा वाफाळलेला वास. दुपारी अक्का खेळायला बसली. खेळातल्या एका राजाने चौघांना काहीतरी दिलं. भावोजींनी ओळ वाचायला सुरुवात केली, "जहाज..." आणि थांबले.

अक्काला पुढचं कळलं नाही. धक्क्याला एक छोटं जहाज लागलेलं दिसलं, तिने चौघांना त्याच्याकडे नेलं. त्या खेळात असं होतं की ओळीतली माणसं जहाजावर पाऊल टाकताच दिसेनाशी होत. पडद्यावर नुसतं जहाज उरे, आणि भोवती निळं पाणी.

भावोजी खुर्चीतून उठले. "माणसं कुठं गेली?"

"अं?"

"माणसं कुठं गेली? चौघं होती! सुलू, चौघं होती!" त्यांनी अक्काचं मनगट धरलं. आई आतून धावत आली. त्यांच्या घशातून निघालेला तो आवाज मी नंतर कधीही कुठे ऐकलेला नाही, आणि ऐकायचाही नाही.

"आत आहेत हो," अक्का म्हणाली. तिने मनगट सोडवून घेतलं नाही. "आत गेलीयत."

"मोजलीस? मोजून घ्यायची असतात. मोजल्याशिवाय पुढं जायचं नसतं."

"थांबा. मोजते." तिने जहाज वळवलं, काठाला लावलं. पोरगा खाली उतरला. त्याच्यामागून एकेक जण निघाला. अक्का पडद्यावर पिठाळ बोट टेकवून म्हणाली, "हा बघा. एक. दोन. तीन. चार."

"परत."

ती परत जहाजात चढली. परत उतरली. एक, दोन, तीन, चार. "परत," ते म्हणाले. ट्रान्सफॉर्मर तापून वास सुटला, पातोळे गार झाले, पागोळ्यांखाली ठेवलेली घागर भरून वाहू लागली. ती चढत होती, उतरत होती, मोजत होती. तिने एकदाही 'पुरे' म्हटलं नाही. दिवे लागायच्या सुमाराला ते खाली, तिच्या शेजारी, जमिनीवर बसले. 

"सुलू," ते म्हणाले, "देवरूखचं पत्र कुठं आहे?"

परवा माळ्यावर त्या टीव्हीच्या काचेवर मी हात फिरवला. तिच्यावर बोटाचा ठसा वगैरे काही नाही, उगाच शोधला. भावोजींना जाऊन आता नऊ वर्षं झाली. लेकीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय सांगणार? राखाडी कॅसेटीत काय होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे ट्रंकेसकट कुणाला तरी देऊन टाकली.

त्या नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची एस्टी. भावोजी, अक्का, आणि पिशवी धरायला मी. देवरूखला उतरून पुढे दोन तास चढ, लावणी झालेल्या भाताच्या कडेकडेने. घराच्या ओसरीवर एक म्हातारी चाचपडत कुळीथ निवडत होती.

"कोण गो?"

"जयगडचे सारंग आलेत, आई," अक्का म्हणाली.

म्हातारीचे हात सुपात थांबले. "बसा. आधी पाणी घ्या. चढून आलात." गूळ-पाणी तिने स्वतः आणलं, भिंतीला हात लावत. आणि मग भावोजींनी सांगितलं. उभ्यानेच, हात मागे बांधून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही, ते तिच्यासाठी होतं. गोठ्यात वासरू दावणीला हिसके देत होतं, त्याच्या घंटेचा आवाज मात्र अजून आहे माझ्यापाशी.

सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "थंडी होती काय हो तिथं?"

"होती."

"स्वेटर होता ना त्याच्या अंगात? खाकी? मी घेऊन दिलेला."

भावोजींचे मागे बांधलेले हात सुटले. "होता," ते म्हणाले.

"मग बरं," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा कुळीथ निवडू लागली.

परतीच्या एस्टीत ते आणि अक्का माझ्या मागच्या सीटवर होते. मग हातखंब्याचा फाटा आला. तिथे माणसं उतरली, गाडी निम्मी रिकामी झाली.

"नव्हता," भावोजी म्हणाले.

"काय?"

"स्वेटर. बिछान्यावर राहिला होता. तो घ्यायला निघाला होता. मीच म्हटलं, पाच मिनिटांचं काम, तसाच ये."

गाडी सुरू झाली. जरा वेळाने अक्काचा आवाज आला, अगदी हळू. "अजून सांगा."

आणि ते सांगत राहिले, रत्नागिरीचा स्टँड येईपर्यंत. मी पुढे बसून होतो. आयुष्यात एकदाच मी मागे वळलो नाही आणि मधे बोललो नाही.